अखेरचे शब्द कोणाचे?

शोकान्तिकेत नायक मरतो, आणि मरण्यापूर्वी बोलतो. या बोलण्याला प्रेक्षक इतका सरावलेला असतो की ते बोलणे कशासाठी आहे, हे तो विचारीत नाही. तलवारीचा घाव बसला आहे, विष अंगात भिनते आहे, तरीही नायकाला वीस-पंचवीस ओळी बोलण्याइतका अवकाश मिळतो. वास्तवात असे घडत नाही, ही तक्रार जुनी आणि वरवरची आहे. नाटक हे वास्तवाची नक्कल करण्यासाठी बांधील नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. मरताना बोलण्याचा हा अवकाश नाटककार कोणाला देतो आणि कोणाला देत नाही? आणि ज्याला तो दिला, त्याच्या शब्दांचे मागे राहिलेली माणसे काय करतात?

काटोलला मी अनेक वर्षे मराठी शिकवितो. वर्गात शोकान्तिका शिकविताना संघर्ष, प्रमाद, करुणा, भय या गोष्टी मी सांगत आलो. मृत्युप्रवेशाकडे मात्र ‘हृदयद्रावक’ यापलीकडे आपल्या समीक्षेने फारसे पाहिलेले नाही. दलित वाचकाला तेथे थांबणे भाग आहे. कारण मृत्युप्रवेश हा वारसाहक्काचा प्रवेश असतो.

१

अखेरच्या भाषणाची कामे तीन. पहिले, नावाचा निवाडा : मला पुढे काय म्हणून ओळखावे हे मरणारा सांगतो. दुसरे, हिशेब : मी काय केले, माझ्यावर काय अन्याय झाला, मी कोणावर केला. तिसरे, वारस : राज्य कोणाचे, मुलगा कोणाच्या ओटीत, सूड घ्यावयाचा की सोडून द्यावयाचा. ही तिन्ही कामे मृत्युपत्राची आहेत. नाटकातील अखेरचे भाषण हे तोंडी मृत्युपत्र आहे, आणि मृत्युपत्र करण्यासाठी मागे ठेवण्यासारखे काही असावे लागते.

शेक्सपिअरचा हॅम्लेट पाहा. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ मध्ये त्याला ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणले आणि गणपतराव जोशी यांनी शाहूनगरवासी मंडळीच्या रंगमंचावर तो गाजविला. मरताना हॅम्लेट दोनच गोष्टी करतो. आपल्या मागे मरायला निघालेल्या मित्राला, होरेशिओला, तो थांबवितो आणि सांगतो की तू जगून माझी कहाणी सांग; नाहीतर माझे नाव जखमी राहील. मग डेन्मार्कच्या गादीसाठी तो फोर्टिनब्रासला आपले मत देतो. नाव आणि गादी, दोन्हींची व्यवस्था लावून तो मरतो. पण पुढे काय होते? होरेशिओ कहाणी सांगायला पुढे होतो. फोर्टिनब्रास ती ऐकण्याची तयारी दाखवितो, पण ऐकण्याआधीच हॅम्लेटला शिपायाच्या इतमामाने उचलण्याचा हुकूम देतो. ज्याने नाटकभर विचार केला, त्याला वारसाने सैनिक करून टाकले. मरणाऱ्याचा शब्द शेवटचा नसतो. शेवटचा शब्द खुर्चीवर बसणाऱ्याचा असतो, हे शेक्सपिअरला ठाऊक होते.

ऑथेल्लोचे मरण आपल्याला अधिक जवळचे वाटावे. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये ‘झुंझारराव’ म्हणून त्याला मराठी वेष दिला. मूळ नाटकातला ऑथेल्लो हा गोऱ्यांच्या व्हेनिसमधला काळा सेनापती. बायकोचा गळा दाबल्यावर, सत्य कळल्यावर, तो स्वतःचा निवाडा स्वतः करतो. त्याआधी तो व्हेनिसच्या माणसांना आठवण देतो की मी या राज्याची काही चाकरी केली आहे. माझ्याविषयी लिहाल ते आहे तसे लिहा. काही झाकू नका, द्वेषाने वाढवू नका. लढायला हवा, घरात नको, अशा माणसाची ही अखेरची विनंती आहे. मला हे वाचताना गोपाळबाबा वलंगकरांचे १८९४ चे विनंतिपत्र आठवते. सैन्यातली भरती बंद झालेल्या महारांची बाजू मांडताना त्यांनाही आधी केलेल्या चाकरीचाच दाखला द्यावा लागला. राज्यासाठी रक्त सांडलेल्या माणसाला माणूस म्हणून मोजून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो. एक अर्ज रंगमंचावर मरताना होतो, दुसरा कागदावर जिवंतपणी. ऑथेल्लोच्या शब्दांना निदान ऐकणारे सरदार समोर उभे होते.

२

आपली नाट्यपरंपरा या बाबतीत अधिक सोवळी. अंकात प्रत्यक्ष मृत्यू दाखवू नये असा नाट्यशास्त्राचा दंडक. याला भासाचे ‘ऊरुभंग’ हा मोठा अपवाद. भासाच्या नावावरची ही नाटके टी. गणपतिशास्त्री यांनी १९१२ पासून त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध केली, तोवर ती लोकांसमोर नव्हती. मांड्या मोडलेला दुर्योधन जमिनीवर पडला आहे. आंधळा बाप, आई, राण्या आणि लहानगा मुलगा दुर्जय येतात. पोराला नेहमीप्रमाणे मांडीवर बसायचे आहे आणि बापाला मांडी उरलेली नाही. दुर्योधन मुलाला सांगतो की माझी केलीस तशीच पांडवांची सेवा कर, कुंतीची आज्ञा पाळ. सूड घ्यायला निघालेल्या अश्वत्थाम्यालाही तो आवरू पाहतो. खलपुरुष ठरविलेल्या माणसाला भासाने मरताना असे मोठे केले आहे. आणि तो डोळे मिटण्यापूर्वीच अश्वत्थामा काय करतो? रात्रीच्या कत्तलीची प्रतिज्ञा करतो आणि दुर्जयाला शब्दानेच राज्याभिषेक करून टाकतो. बाप म्हणाला ‘वैर संपले’, वारसदारांचा वाली म्हणाला ‘वैर सुरू’. नावे बदलून ही गोष्ट आपण आपल्या चळवळीत कितीदा पाहिली आहे, ते वाचकांनीच मोजावे.

पण दुर्योधन झाला तरी राजा. ज्याच्यापाशी राज्य नाही, गोत्र नाही, त्याच्या मरणाचे काय? एकदा वर्गात मी ‘उत्तररामचरिता’विषयी बोलत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, शंबूकाला मरायच्या आधी किती ओळी आहेत?” उत्तर सोपे होते : एकही नाही. त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात शंबूकाला शब्द आहेत. राम त्याला जात विचारतो. तो लपवीत नाही. मी शूद्र योनीत जन्मलो, सदेह देवत्व मिळविण्यासाठी तप करतो आहे, माझे नाव शंबूक, असे सांगतो. तो बोलत असतानाच त्याचे शिर उडविले जाते. म्हणजे शंबूकाचे अखेरचे शब्द त्याचे स्वतःचे नाव आणि स्वतःची आकांक्षा आहेत. हॅम्लेटला मित्राकडून जे काम करवून घ्यावे लागले, ते शंबूकाने स्वतः एका वाक्यात केले. वाक्य संपण्याची वाट मात्र कोणी पाहिली नाही.

आठव्या शतकातल्या भवभूतीला ही गोष्ट बोचली असावी. करुणेचा हा कवी. त्याचा राम खड्ग उचलताना स्वतःच्याच उजव्या हाताला बोल लावतो. दुसऱ्या अंकात घाव घातला जातो. आणि मग शंबूक दिव्य पुरुष होऊन प्रवेश करतो, रामाला नमस्कार करतो आणि सज्जनाच्या हातून आलेले मरणही तारतेच असे म्हणतो. घावापूर्वीचे शब्द काढून घेतले, घावानंतरचे शब्द दिले. आधीचे शब्द ‘मी कोण’ हे सांगत होते, नंतरचे आभार मानतात. भवभूतीच्या प्रतिभेविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच हे ठासून सांगितले पाहिजे. क्रूर कवीने शंबूकाला नुसते मारले असते. दयाळू कवीने त्याच्याकडून पोच घेतली. मारलेल्या माणसाच्या तोंडी मारणाऱ्याचे समर्थन घालणे, ही वारसा हिरावण्याची सर्वांत सभ्य रीत आहे.

३

मराठी रंगभूमीवर स्वतंत्र शोकान्त नाटकाची सुरुवात विनायक जनार्दन कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) या नाटकापासून धरतात. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले आणि रमाबाई सती गेल्या. इतिहास सांगतो की या तरुण पेशव्याने कर्ज फेडण्याविषयी, कारभाराविषयी आपली अखेरची इच्छा कलमवार लिहविली आणि धाकट्या नारायणरावाचा हात काकाच्या, रघुनाथरावाच्या, हाती दिला. ३० ऑगस्ट १७७३ ला, वर्ष भरण्यापूर्वीच, नारायणराव शनिवारवाड्यात मारला गेला. मरणाऱ्याच्या शब्दांना शपथेचे वजन असते अशी आपली समजूत आहे. इतिहास त्या वजनाला मानीत नाही. तरीही फरक उरतोच : पेशव्याच्या मरणाचा कागद झाला. त्याच राज्यात वेशीवर रात्र काढणाऱ्या वेसकराच्या मरणाचा कागद कोणी केला असेल?

राम गणेश गडकरी या विषयात टाळता येत नाहीत, आणि आम्हा काटोलकरांना तर नाहीच. सावनेर हा आमच्याच जिल्ह्यातला तालुका. तेथे २३ जानेवारी १९१९ ला क्षयाने गडकरी गेले. वय अवघे तेहतीस. ‘भावबंधन’ त्यांनी मरणाच्या दारात पुरे केले, ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले. आणि लिहून झालेले ‘एकच प्याला’ गंधर्व मंडळीने त्यांच्या मागे त्याच वर्षी रंगभूमीवर आणले. मराठीतली सर्वांत गाजलेली शोकान्तिका लेखकाने प्रेक्षकांसमोर पाहिली नाही. ती स्वतःच एक मरणोत्तर वाणी आहे.

या नाटकात दोन मरणे शेजारी शेजारी आहेत. सुधाकर वकील आहे, बुद्धिमान आहे, दारूने बुडालेला आहे. विष घालून तो अखेरचा प्याला घेतो आणि त्याच्या नाशातून जगाला धडा मिळतो. सिंधू त्याच्याच हातच्या माराने मरते, आणि मरताना फौजदारापुढे नवऱ्याला वाचविण्यासाठी खोटे सांगते. ऑथेल्लोची डेस्डेमोनाही असेच करते : कोणी मारले विचारल्यावर स्वतःचेच नाव घेते. तीन शतकांच्या अंतराने, दोन खंडांत, दोन बायका मरताना तेच खोटे बोलतात. पुरुषाचे अखेरचे शब्द त्याचे नाव राखण्यासाठी असतात आणि बाईचे अखेरचे शब्दही त्याचेच नाव राखण्यासाठी असतात. बालगंधर्वांच्या सिंधूसाठी महाराष्ट्र रडला, आणि त्या रडण्यात ती जबानी खोटी आहे हे विसरला. शंबूकाचे आभार आणि सिंधूची जबानी यांचे नाते माझ्या मते सख्खे आहे. व्यवस्था ज्याला मारते, त्याच्याकडूनच निर्दोषत्वाचा दाखला लिहून घेते.

४

ग्रीक शोकान्तिकेत मरण बहुधा पडद्याआड होते. मग एक निरोप्या येतो आणि आत काय घडले ते सांगतो. त्याला नाव नसते, पण नाटकातले सर्वांत थरारक भाषण पुष्कळदा त्याचे असते. राजवाडा त्याला थांबवून विचारतो, तपशील मागतो, आणि तो सांगतो. साक्षीदाराला तेथे मान आहे.

गावगाड्यात हे काम कोणाचे होते? महाराचे. गावात कोणी मेले की परगावच्या सोयऱ्यांना मरणाचा सांगावा नेणे, सरणाला लाकूड पोचविणे, ही त्याची ठरलेली कामे. माझा आजा ही कामे करीत असे. रात्री-अपरात्री, पावसापाण्यात, दहा-दहा कोस चालून तो मरण सांगायला जाई. अंगणाच्या कडेला उभा राहून दोन वाक्ये बोले : अमका गेला, अमक्या वेळी माती आहे. घरात हंबरडा फुटे, आणि तो ओंजळीत पडेल ते पाणी पिऊन मागे फिरे. शेकडो मरणे त्याच्या तोंडून लोकांना कळली. ती कशी झाली, मरताना कोण काय म्हणाले, हे त्याला कोणी विचारले नाही. ग्रीकांच्या निरोप्याला जे भाषण मिळाले, ते आमच्या निरोप्याच्या पोटात राहिले. होरेशिओ आमच्याकडे होता. त्याला अंगण ओलांडायची मुभा नव्हती.

आणि त्याचा स्वतःचा वारसा? वतन. बापाच्या मागे मुलाला मिळायची ती वेसकराची काठी आणि भाकरी मागण्याचा हक्क. गुलामगिरीलाच हक्क म्हणून नोंदविलेला हा वारसा होता. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते यासाठीच. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. वारसा मिळविण्यासाठी लढणारे नायक शोकान्तिकेत पुष्कळ आहेत. वारसा टाकून देण्यासाठी लढणारा नायक तिला ठाऊक नाही.

प्रेताची विटंबना करणाऱ्या राजाज्ञेला झुगारून भावावर माती टाकणारी अँटिगनी सॉफक्लिसने उभी केली. आपल्याकडे वढू बुद्रुकची परंपरा सांगते की ११ मार्च १६८९ ला संभाजीराजांचा वध झाल्यावर गोविंद गोपाळ या महाराने, औरंगजेबाचा धाक असताना, देहाचे तुकडे गोळा करून अंत्यविधी केला. दुसरी परंपरा हा मान गावातल्या दुसऱ्या घराण्याला देते. २०१७ च्या डिसेंबरअखेर गोविंद गोपाळांच्या समाधीपाशी लावलेल्या फलकावरून तेथे तंटा झाला आणि १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार उसळला. त्याआधी वर्षभर, जानेवारी २०१७ मध्ये, पुण्याच्या संभाजी उद्यानातून गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडला गेला होता, ‘राजसंन्यास’मधल्या संभाजीच्या चित्रणावरून. एकाच मृत्यूभोवतीचे हे दोन तंटे. एकात प्रश्न होता, राजाला नाटकात काय बोलायला लावले? दुसऱ्यात प्रश्न होता, राजाच्या देहाला कोणाचे हात लागले? शतके लोटली तरी मरणाचा वारसा निवांत पडून राहत नाही, हे यावरून दिसते.

चोखोबांची कथा याहून खोल जाते. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि १३३८ मध्ये ते इतर मजुरांबरोबर दगडाखाली गेले. अखेरचे शब्द नाहीत, ऐकणारा नाही. कथा अशी की नामदेवांनी हाडे कानाला लावून पाहिली आणि ज्यांतून विठ्ठलनाम आले ती चोखोबांची म्हणून ओळखली. ती पंढरपूरला महाद्वारापाशी, देवळाबाहेर, पुरली. या कथेतली जाण मला विलक्षण वाटते : ज्याला मरताना बोलू दिले नाही, त्याची हाडे बोलतात. पण ती काय बोलतात तेही पाहा. देवळात न घेणाऱ्या देवाचे नाव. येथे शंबूकाच्या आभाराची सावली पडतेच. सुदैवाने चोखोबांचा वारस हाडांवर थांबला नाही. त्यांच्या मुलाच्या, कर्ममेळ्याच्या, अभंगांत देवालाच जाब विचारलेला आहे. आणि आमच्याच जिल्ह्यातल्या मोहप्याचे किसन फागू बनसोडे यांनी १९०७ मध्ये नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. हाडांतून नाम ऐकणे ही एक श्रद्धा झाली. त्या नावाने पाटी-पेन्सिल हाती देणे हा वारसा झाला.

५

आता प्रश्न आपल्या नाटकाचा. १९५५ मध्ये औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ बाबासाहेबांसमोर झाले, पुढे दीक्षेच्या वेळी नागपुरातही झाले. तेव्हापासून प्रेमानंद गज्वींच्या ‘घोटभर पाणी’ (१९७७) पर्यंत आणि त्यानंतरही दलित नाटकाने जाब विचारला. पण गावोगावच्या जयंतीच्या रंगमंचावर आमची मुले अजूनही मरताना पंधरा मिनिटे बोलतात. मरणाऱ्याच्या तोंडी संदेश, मागे करुण सूर, आणि टाळ्या. उसना घेतलेला हा साचा राजपुत्रांसाठी घडविलेला आहे. त्यात आमचा माणूस बसविला की तो मरण्यापुरता मोठा होतो, जगण्यापुरता होत नाही.

बाबासाहेबांनाही आपण याच साच्यात बसवितो. रथ पुढे नेता आला नाही तर निदान मागे नेऊ नका, या आशयाचा संदेश फलकाफलकांवर ‘अखेरचे शब्द’ म्हणून मिरवतो. नानकचंद रत्तू यांच्या आठवणीप्रमाणे ते बोलणे ३१ जुलै १९५६ चे. त्यानंतर चौदा ऑक्टोबरला नागपुरात लाखोंची दीक्षा झाली. म्हणजे तथाकथित अखेरच्या शब्दांनंतर त्यांनी आयुष्यातली सर्वांत मोठी कृती केली. ५ डिसेंबरच्या रात्री ते ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकाचा मजकूर हाताशी घेऊन बसले, आणि सहाच्या सकाळी झोपेतच गेलेले आढळले. उशापाशी वारस नव्हता, भाषण नव्हते. अपुरे काम टेबलावर होते.

आणि ज्या बुद्धाविषयी ते लिहीत होते, त्याने मरणशय्येवर आनंदाला गादीचा वारस सांगितला नाही. धम्म हाच तुमचा शास्ता, स्वतःच स्वतःचे दीप व्हा, एवढेच सांगितले. हॅम्लेटने फोर्टिनब्रास नेमला, पेशव्याने काका नेमला. ज्याने कोणालाच नेमले नाही, त्याचा वारसा टिकला. यातून दलित नाटककाराला मोठी वाट दिसावी : मृत्युप्रवेशातला प्रकाश मरणाऱ्यावरून काढून ऐकणाऱ्यावर टाका. मरणारा काय म्हणाला यापेक्षा, त्याच्या शब्दांचे आम्ही काय केले, हे नाटक आपल्याला लिहायचे आहे.

यासाठी कल्पनेआधी साक्ष लागेल. १९५६ मध्ये काटोल तालुक्याच्या खेड्याखेड्यांतून, रेल्वेने, बैलगाडीने, पायी, पांढरी वस्त्रे घालून जी माणसे नागपूरला गेली, त्यांतले त्या वेळी विशीत असलेले आज नव्वदीच्या घरात आहेत. मरणाचा सांगावा नेणारी ही शेवटची पिढी, आणि तो न्यायला नकार देणारी पहिलीही. त्यांच्यापाशी जे आहे ते कोणत्याही बखरीत नाही. ती जातील तेव्हा आपण श्रद्धांजलीची सभा घेऊ, भाषणे करू. त्याआधी त्यांच्या खाटेशेजारी वही घेऊन बसणारा कोणी निघाला पाहिजे. त्यांना अखेरचा संदेश मागू नये. विचारावे की त्या दिवशी घरून निघताना भाकरी कशाबरोबर बांधली होती, वाटेत पाणी कोणी दिले, परत आल्यावर देव्हाऱ्यातले देव कोठे नेऊन टाकले, आणि दुसऱ्या दिवशी गावात मरण झाले तेव्हा सांगावा कोणी नेला. आणि सांगणाऱ्याचे वाक्य पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नये.